भिंतीवरचं काळीज

"भिंतीवर आहे तसंच शिकवा, बाबर बाई," देशिंगकर सर म्हणाले.

"भिंतीवर चूक आहे, सर."

"ते मला कळतं. मीही बी.एस्सी. आहे."

"मग?"

"मग काही नाही. भिंत मी रंगवलेली नाही, तुम्हीही नाही. ज्यांनी रंगवून घेतली, त्यांच्या सहीनं आपल्या दोघांचा पगार निघतो." असं म्हणून त्यांनी टेबलावरची घंटी दाबली आणि चहा मागवला. हेडमास्तरांनी चहा मागवला की विषय संपला, असं आमच्या शाळेत समजलं जायचं. मी चहा प्याले आणि कप खाली ठेवून म्हणाले, "मी चुकीचं शिकवणार नाही."

सरांनी चष्मा काढून डोळे चोळले. माणूस वाईट नव्हता. निवृत्ती जवळ आलेली आणि दोन मुलींची लग्नं व्हायची होती, त्यामुळे ते सगळ्यांशीच हळू आवाजात बोलायचे.

ही गोष्ट सत्त्याऐंशी सालची, तासगावच्या पलीकडच्या एका गावातल्या मुलींच्या हायस्कुलातली. मी तिथं विज्ञान शिकवायचे. नोकरीचं दुसरं वर्ष चालू होतं. ते संपलं की एकतर कायम केल्याचा कागद यायचा, नाहीतर घरी बसा म्हणून सांगणारा. माझ्या नवऱ्याची, दिनकरची, सूतगिरणी बंद पडलेली होती. घरात पगार आणणारी मी एकटी. तेव्हा कायम होण्याचा कागद माझ्यासाठी काय होता, ते वेगळं सांगायला नको. त्या कागदावर सही करायची होती संस्थेच्या अध्यक्षांनी, नानासाहेब खराड्यांनी. आणि भिंत त्यांचीच होती.

भिंत म्हणजे प्रयोगशाळेच्या बाहेरची, व्हरांड्यातली. तिच्यावर पुरुषभर उंचीचं हृदय काढलं होतं, मधोमध चिरून उघडल्यासारखं. आतले चार कप्पे, झडपा, लालनिळ्या नळ्या, सगळं ऑइलपेंटनं चकचकीत. खाली ठसठशीत अक्षरांत लिहिलं होतं: 'कै. सरूबाई ज्ञानू खराडे यांच्या स्मरणार्थ, चिरंजीव नानासाहेब खराडे यांजकडून सप्रेम.' सरूबाई नानांची आई. ती हृदयाच्या आजारानं गेली, म्हणून नानांनी आईचा फोटो लावण्याऐवजी शाळेत हृदय काढून घेतलं. कल्पना चांगली होती, हे मी तेव्हाही म्हणत होते आणि आजही म्हणते.

पण नावं चुकली होती. हृदयाच्या भिंतीत तीन थर. सगळ्यात बाहेर दुपदरी पिशवी, तिला म्हणायचं हृदयावरण. तिच्या आत जाड मांस, ते हृदयस्नायू. आणि अगदी आत, रक्ताला लागून असतं ते गुळगुळीत पातळ अस्तर, अंतर्हृदयस्तर. आमच्या भिंतीवर बाहेरच्या पिशवीला लिहिलं होतं 'अंतर्हृदयस्तर' आणि आतल्या अस्तराला 'हृदयावरण'. आवरण आत आणि अंतर बाहेर! बिचाऱ्या शब्दांनी आपण कुठं राहतो ते ओरडून सांगितलं होतं, तरी रोज सगळी शाळा त्या भिंतीसमोरून जायची आणि कुणाला काही खटकायचं नाही. खटकलं तरी बोलायचं नाही.

कारण ती नुसती भिंत राहिली नव्हती. दर फेब्रुवारीत सरूबाईंच्या पुण्यतिथीला त्या हृदयाला झेंडूचा हार घालायचे. खराड्यांच्या घरच्या बायका येऊन डाव्या कप्प्यावर हळदीकुंकू लावायच्या. उदबत्ती लागायची, एक मुलगी हातात काठी घेऊन सगळी नावं बाहेरून आत खणखणीत वाचायची, मग पेढे. पहिल्या वर्षी हे बघून मला हसू आवरेना, म्हणून मी प्रयोगशाळेत जाऊन परीक्षानळ्या धूत बसले. दुसऱ्या वर्षी चाचणीचे पेपर तपासले आणि हसू पळालं. जवळजवळ सगळ्या वर्गानं भिंतीवरचं लिहिलं होतं. मी पुस्तकातलं शिकवलं होतं, पण भिंत पुस्तकापेक्षा मोठी होती.

मी मार्क कापले. सगळ्यांचे.

त्यात हेमलता होती, नानांची नात. वर्गात पहिली येणारी पोरगी. ती पेपर घेऊन माझ्यापुढे उभी राहिली.

"बाई, माझ्या पणजीच्या भिंतीवर असंच आहे."

"उशीला अभ्रा असतो ना तुझ्या घरी?"

"असतो."

"तो उशीच्या आत असतो की बाहेर?"

तिनं विचार केला. मग मान वळवून दारातून दिसणाऱ्या भिंतीकडं पाहिलं. "म्हणजे भिंत चुकली?"

"भिंत चुकली."

"मग मी आजोबांना सांगते," ती म्हणाली आणि खरंच सांगितलं. दुसऱ्या दिवशी मला सरांच्या खोलीत बोलावणं आलं, ते असं.

हेडमास्तरांच्या खोलीतून निघाले ती तडक बाजारपेठेत, इलाही पेंटरच्या टपरीवर. गावातल्या सगळ्या पाट्या इलाहीभाईंच्या हातच्या. दुकानांच्या, ट्रकच्या मागच्या, निवडणुकीच्या. त्या वेळी ते एका पिठाच्या गिरणीचा बोर्ड रंगवत होते.

"इलाहीभाई, शाळेतल्या हृदयाची नावं तुम्ही उलटी लिहिलीत."

"उलटी? अक्षर वाकडं हाय का कुठं?"

"अक्षर मोत्यासारखं आहे. बाहेरचं नाव आत गेलंय आणि आतलं बाहेर."

त्यांनी ब्रश डब्यावर ठेवला आणि डोळे मिटून भिंत आठवली. "आसं व्हय! बाई, त्याचं कसं झालं, मास्तरांनी पुस्तक दिलं हुतं. पण त्यातलं ते एक नाव ह्ये एवढं लांब. आतल्या चिंचोळ्या जागंत बसंना. बाहेर जागा मोकळी. म्हटलं, लांब नाव बाहेर टाकावं, आखूड आत. बोर्डाचं काम आसंच आसतंय. बसंल तितं लिवायचं."

 मी म्हणाले, "इलाहीभाई, उद्या तुमच्या पायाचा अंगठा लांब आहे म्हणून नाकाच्या जागी बसवला तर?"

ते मनापासून हसले. पण दुरुस्त करा म्हटल्यावर हसू थांबलं. "न्हाई बाई. खाली नानांचं नाव हाय. त्यांनी सांगितल्याबिगर त्या भितीला मी ब्रश लावायचो न्हाई. मला गावात ऱ्हायाचंय."

सगळ्यांनाच गावात राहायचं होतं. मलाही.

घरी दिनकरनं सगळं ऐकून घेतलं. तो चुलीवर भाकरी टाकत होता. गिरणी बंद पडल्यापासून स्वयंपाक त्याच्याकडंच होता, आणि सांगायला हरकत नाही, माझ्यापेक्षा बरा करायचा.

"कुमुद, तू म्हणतेस ती पिशवी केवढी असते?"

"मुठीवर बसेल एवढी."

"एवढ्याशा पिशवीपायी घर उसवू नकोस म्हणजे झालं."

"तूच सांग, मी मुलींना खोटं शिकवू?"

तो भाकरी उलटायला विसरला. करपल्याचा वास आल्यावर म्हणाला, "मी कुठं तसं म्हटलं? मी आपलं घराचं म्हटलं." आणि ती करपलेली भाकरी त्यानं स्वतःच्या ताटात घेतली.

पुण्यतिथी आली. आदल्या दिवशी सरांनी मला गाठून, जवळजवळ हात जोडून सांगितलं. "हेमलता वाचेल. तुम्ही फक्त शेवटी दोन वाक्यं बोला. हृदय सतत धडधडतं, आईचं हृदय विशाल असतं, असं काहीतरी. एवढं निभवा. महिन्यावर तुमचा कागद आहे."

"बघते," मी म्हणाले. मी कधीही 'बघते' म्हटलं की करत नाही, हे सरांना तोवर माहीत झालेलं नव्हतं.

सकाळी व्हरांड्यात मुली रांगेनं बसल्या. हार चढला, हळदीकुंकू झालं, उदबत्तीचा धूर लालनिळ्या नळ्यांवरून वर गेला. नाना खुर्चीत बसले होते. पांढरं धोतर, गुडघ्यांवर दोन्ही पंजे. जाडजूड, कमी बोलणारा माणूस. गावात त्यांना कुणी उलट उत्तर दिल्याचं मी ऐकलं नव्हतं.

हेमलता काठी घेऊन उभी राहिली. काठीचं टोक बाहेरच्या पिशवीवर ठेवलं आणि थांबली. तिथं लिहिलेलं तिला वाचवेना. तिनं आजोबांकडं पाहिलं, मग माझ्याकडं. तिचे कान लाल झाले होते.

"वाच, बाळ," सर म्हणाले. "भिंतीवर आहे ते वाच."

तेवढ्याशा पोरीला मी आजोबा आणि बाई यांच्या मधोमध उभं केलं होतं, आणि ते मला बघवेना. मी पुढं गेले.

"काठी माझ्याकडे दे, हेमा. खाली बस."

मग मी काठी बाहेरच्या पिशवीवर टेकवली आणि वर्गात बोलते त्याच आवाजात म्हणाले, "मुलींनो, इथं जे लिहिलंय ते चूक आहे. हे हृदयावरण. ही पिशवी बाहेर असते. हृदय हिच्या आत बसलेलं असतं, उशी अभ्र्यात बसते तसं. हिला दोन पदर, मधे थोडंसं पाणी, म्हणजे हृदय हलताना घासत नाही. हिच्या आत हे मांस. आणि सगळ्यात आत हा अंतर्हृदयस्तर. परीक्षेत असंच लिहायचं. भिंतीवर काहीही असलं तरी असंच लिहायचं."

 सरांनी खिशातून रुमाल काढला आणि तो तोंडाशी धरून ठेवला. खराड्यांच्या घरच्या बायका एकमेकींकडं बघायला लागल्या.

नाना उठले. मला वाटलं, आता तोंड सुटणार. मी उत्तरं तयार ठेवली होती. दोन-तीन तर चांगली झोंबणारी होती.

ते सरांना म्हणाले, "पोरींना तिकडं मैदानात न्या. पेढे वाटा. बाईंनी थांबायचं."

सगळे गेले. भिंतीसमोर आम्ही दोघंच उरलो. नानांनी हार बाजूला सारला आणि बाहेरच्या पिशवीच्या रेघेवर बोट ठेवलं.

"आवरण ह्ये? ह्ये बाहेरचं?"

"हो."

"नक्की?"

"नक्की. पुस्तक आणू?"

"पुस्तक नको." त्यांनी बोट तिथंच ठेवलं. "मिरजंच्या डॉक्टरनी ह्योच शबूद सांगितला हुता. हृदयावरण. म्हटले, तुमच्या आईच्या हृदयावरणात पाणी झालंय. लांब सुई घालून काढू, आराम पडंल. मी म्हटलं, जित्या माणसाच्या काळजात सुई? माझ्या आईच्या? मी न्हाई घालू देणार. डॉक्टर लई समजावत हुते, मी ऐकलं न्हाई. गाडीत घातली आन् घरी आणली. आठ दिसांत गेली."

 तयार ठेवलेल्या उत्तरांतलं एकही कामाचं नव्हतं.

"मग ही भित झाली," नाना म्हणाले. त्यांचं बोट आता आत सरकलं, मांसाच्या जाड पट्ट्यावरून आतल्या अस्तराकडं, जिथं 'हृदयावरण' लिहिलं होतं. "म्या हितं येऊन बघायचो. म्हणायचो, बापरे, ह्ये तर पार आत हाय. एवढं मांस फोडून सुई आत गेली असती तर काळीज फाटलंच असतं. बरं केलं म्या, आणली ते. दर वर्साला बघायचो आन् तेवढं बरं वाटायचं."

ते माझ्याकडं वळले. एवढा मोठा माणूस, पण त्या वेळी त्यांचं तोंड हेमलतासारखं दिसत होतं, काठी घेऊन अडलेल्या.

"आता तुमी सांगा, बाई. ती सुई काळजात गेली असती का?"

त्यांना कोणतं उत्तर हवं होतं, ते आंधळ्यालाही दिसलं असतं. 'गेली असती, नाना, तुम्ही केलंत ते बरोबर केलंत.' एवढं म्हटलं असतं तर तो माणूस रात्री झोपला असता, मी कायम झाले असते आणि दिनकरला करपलेली भाकरी खावी लागली नसती. मला त्यांची दया आली. खरंच पोटातून आली. पण मैदानातून मुलींचा कलकलाट ऐकू येत होता. त्यांच्यातल्या प्रत्येकीच्या घरी एक म्हातारी होती, आणि कुठल्याशा दवाखान्याच्या दारात तिच्यासाठी हो किंवा नाही म्हणणारा एक नाना.

"नीट हातानं घातली असती तर नसती गेली," मी म्हणाले. "सुई बरगड्यांच्या खालून वर नेतात आणि ह्या पिशवीत थांबवतात. पिशवी पाण्यानं फुगलेली असते, त्यामुळं सुई पाण्यात राहते. हृदयापर्यंत जायची गरजच नसते. त्या वाचल्याच असत्या, असं मी सांगणार नाही. ते मला माहीत नाही. पण डॉक्टर काळजात सुई घालणार नव्हते."

नानांनी हात भिंतीवरून काढून घेतला. बोटाला हळद लागली होती.

"तुमाला दुसरं कायतरी सांगता आलं असतं."

"आलं असतं."

"मग का न्हाई सांगितलं?"

"तुम्ही विचारलंत म्हणून," मी म्हणाले. मग मी आवाज चढवला. "आणि उद्या ह्या मुलींपैकी कुणाच्या आईला पाणी झालं, तर तिनं काय ह्या भिंतीपाशी येऊन ठरवायचं? मी असेपर्यंत ही भिंत चुकीची आहे म्हणून सांगणार. रोज सांगणार. तुम्हाला काय करायचं ते करा."

 नानांनी पायात वहाणा सरकवल्या आणि ते मागच्या फाटकानं निघून गेले. पेढा घेतला नाही. मी प्रयोगशाळेत जाऊन स्टुलावर बसले आणि पोटभर रडले, मग तोंड धुऊन पुढचा तास घेतला.

महिन्यानं कागद आला. आपली सेवा समाधानकारक असली तरी संस्थेस आपली आवश्यकता नाही, असं काहीतरी. खाली नानांची मोठी, वळणदार सही. देशिंगकर सरांनी तो माझ्या हातात दिला आणि घंटीकडं हात नेला.

"चहा नको, सर," मी म्हणाले.

"मी बोललो होतो तुम्हाला," ते हळूच म्हणाले. मग आणखी हळू आवाजात, "मी तुमच्या जागी असतो तर बोललो नसतो. मला बोलता यायला हवं होतं." मी त्यांना नमस्कार केला. तो मनापासून केला.

पिशवी खांद्याला लावून व्हरांड्यात आले, तर भिंतीसमोर शिडी. शिडीवर इलाहीभाई. त्यांनी दोन्ही नावांवर पांढरा रंग फिरवला होता आणि तो वाळायची वाट बघत बिडी ओढत होते. मला बघताच बिडी विझवली.

"बरं झालं आलात. तुमच्याच घरला येनार हुतो. नाना म्हणले, नावं बदल. कशी लिवू म्हणून इचारलं, तर म्हणले, मला इचारू नगंस, बाबर बाई सांगतील तसं लिव."

माझ्या हातात तो कागद तसाच होता. त्याच्यावरची सही आणि हे बोलणं एकाच माणसाचं होतं. मला हसावं की चिडावं कळेना. मी दोन्ही केलं.

"कधी सांगितलं हे?"

"काल सांजंला. आन् आनखी एक सांगितलं." त्यांनी खाली बोट दाखवलं. "म्हणले, आईचं नाव ऱ्हाऊ दे. माझं पूस."

'कै. सरूबाई ज्ञानू खराडे यांच्या स्मरणार्थ' तेवढं उरलं होतं. त्यापुढं ओली पांढरी पट्टी.

"पन बाई, अडचन तीच हाय," इलाहीभाई डोकं खाजवत म्हणाले. "ते लांब नाव आता आत न्यायचं. जागा हाय का बघा की! बसायचं न्हाई."

मी पिशवी खाली ठेवली. कागद घडी करून तिच्यात टाकला. पदर खोचला, शिडीच्या पहिल्या पायरीवर चढले आणि त्यांच्या हातातला बारीक ब्रश घेतला. आतल्या अस्तरावर टोक टेकवलं आणि तिथून एक सरळ काळी रेघ मांसातून, पिशवीतून, पार हृदयाच्या बाहेर मोकळ्या भिंतीवर ओढत आणली.

"हे घ्या," मी म्हणाले. "नाव मोठं असलं तर रेघ लांब काढायची. जागा बदलायची नाही."

त्यांनी लिहिलं. मी तिथंच उभी राहून दोन्ही नावं संपेपर्यंत बघितली. वर्गाच्या खिडक्यांत मुली जमल्या होत्या. त्यांच्यात हेमलता होती. मी घरी निघाले आहे, हे तिला माहीत असावं, कारण ती रडत होती. मी तिला बाहेर बोलावलं, काठी दिली आणि म्हणाले, "वाच. बाहेरून आत."

ती नाक ओढत उभी राहिली.

"मोठ्यानं," मी म्हणाले.

तिनं वाचलं. तिन्ही नावं, प्रत्येक आपल्या जागी, अशा आवाजात की हेडमास्तरांच्या खोलीचं दार उघडलं. मग मी पिशवी उचलली आणि पुढच्या फाटकानं बाहेर पडले.